एवढा पाऊस, मग माती हलकी कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर निवृत्त झाल्यावर जेवणाच्या पानावर मातीचा विषय काढायचा नाही, अशी आमच्या घरात तंबीच आहे.

घाटावरून येणारा पाहुणा चोर्ला घाट उतरून गोव्यात, डिचोलीत आमच्या ओसरीवर टेकला की चहा यायच्या आत विचारतो, "बघावं तिकडे हिरवंगार, काठी रोवली तरी पालवी फुटेल. मग भाजीपाला बेळगावाहून कशाला आणता?" सोलापूरचे माझे व्याही तर दर खेपेला सुस्कारा टाकतात : "हे पाणी आमच्या रानाला मिळालं असतं तर!"

तीस वर्षं मी माती तपासण्यात घालवली. व्याह्यांना माझं उत्तर ठरलेलं. हे पाणी तुमच्या रानाला मिळालं असतं, तर तुमचं रानही असंच तांबडं झालं असतं. लाखो वर्षं लागली असती, एवढंच.

त्यांना हे थट्टेचं वाटतं, पण पुरावा त्यांच्याच राज्यात आहे. सोलापूरची काळी जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. महाबळेश्वरच्या माथ्याखालीही तोच बेसॉल्ट. पण सोलापुरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, महाबळेश्वरी त्याच्या नऊ-दहा पट. एकाच खडकाची एकीकडे काळी चिकण झाली, दुसरीकडे तांबडा जांभा. उलट आमच्या गोव्यात खाली बहुतेक ठिकाणी बेसॉल्ट नाहीच. फिलाइट, ग्रेवॅक, लोखंडाच्या पट्ट्यांचे खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुने. तरी वर जांभाच. खडकाचा हात आहेच मातीत, पण शेवटचा शब्द इथे पावसाचा.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो, सत्तरी तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी त्याहून बराच जास्त. त्यातला नव्वद टक्के जून ते सप्टेंबरमध्ये. मग सात-आठ महिने ऊन. चहाचा तोच चोथा पुन्हा पुन्हा उकळून गाळत राहावा, तसं हे चालतं. चुना, मॅग्नेशियम, पालाश ही विरघळणारी मंडळी आधी वाहून जातात. मग सावकाश सिलिकाही जाते. पाण्याला दाद न देता मागे राहतात दोनच, लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंडाला हवा लागते, ते गंजतं, आणि तुमची पांढरी गाडी पर्वरीपर्यंत पोचेतो खालून तांबडी होते.

पुस्तकात मी हे शिकलो होतो, पण डोळ्यांनी पाहिलं ते आमच्याच परसात. 1984 साली वडिलांनी विहीर खणायला घेतली. वर जेमतेम अर्धा हात माती, तीही खड्यांची. तिच्याखाली जांभा लागला. मधाच्या पोळ्यासारखी भोकं, भोकांत पिवळट-पांढरी माती भरलेली. खणणारे त्याचेच चिरे काढून वर देत होते. आतला चिरा ओला आणि इतका मऊ की कडा कुऱ्हाडीने तासता यायच्या. मला वाटलं, असल्या दगडाचं काय घर होणार. वडिलांनी चिरे उन्हात रचून ठेवले आणि बजावलं, "एक पाऊस खाल्ल्याशिवाय चिऱ्याला हात लावायचा नाही." पुढच्या वर्षी त्याच चिऱ्यांवर कुदळ मारली तर ठिणगी उडाली. विहिरीचे काठ आजही त्याच चिऱ्यांचे आहेत.

या मातीचा स्वभाव एवढ्यात आला. ओलाव्यात, अंधारात मऊ. उघडी पडून सुकली की दगड, आणि एकदा दगड झाली की कितीही भिजवा, पुन्हा माती होत नाही. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजी अंमलातल्या डॉक्टरने केरळात अंगडिपुरमला लोकांना अशाच विटा कापताना पाहिलं आणि 1807 च्या आपल्या प्रवासवर्णनात या दगडाला लॅटराइट म्हटलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. आमचा गवंडी त्याला चिरा म्हणतो, त्यामुळे नाव ठेवण्यात आपण काही मागे नव्हतो.

विहिरीकडे परत येतो, कारण मजा पुढेच आहे. जांभा संपला आणि शेड लागली. गुलाबी-पांढरी, लोण्यासारखी गुळगुळीत माती, बोट फिरवलं तर पावडर लावल्यासारखं वाटावं. पाणी आलं ते तळातून नाही. जांभा आणि शेड जिथे भेटतात त्या रेघेवरून, चारी बाजूंनी पाझरत आलं. भोकाभोकांच्या जांभ्यातून पाणी सरळ उतरतं, शेडीवर अडतं आणि वाट मिळेल तिकडे सरकतं. आमच्याकडे सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठाराच्या, पायथ्याशी झरी का असतात आणि त्या झरीखालीच कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, का असतं, त्याचं कारण हीच रेघ. सडा फोडून इमारती उठल्या की खालच्या वाड्यातली विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते, तेही याचमुळे.

म्हणून कोणी "गोव्याची माती कशी?" असं विचारलं की मी आधी विचारतो, उतारावर कुठे उभे आहात? माथ्यावर सडा : मोपा, पर्वरी, वेर्णा, ताळगाव. विमानतळ, विद्यापीठ, कारखाने सगळे तिथे, कारण सरकारी कागदावर ती पडीक जमीन. उतारावर काजू. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड या आंबट, खडकाळ मातीत असं रमलं की आता एप्रिलमध्ये बोंडूच्या वासाशिवाय डोंगर ओळखू येत नाही. त्याच उतारावर पायऱ्या पाडून केलेली मोरड शेती, नाचणी-वरीची. घळीत वाहून आलेली खोल माती, तिथे पोफळ, माड, मिरी, केळी. त्याखाली खेर, रेताड भाताची जमीन. आणि अगदी शेवटी खाजन, भरतीच्या पाण्यापासून बांध आणि मानस, म्हणजे पाण्याचं झडपेचं दार, घालून राखलेली. खाजनाचं गणित खारं आणि सगळंच निराळं, ते दुसऱ्या कोणाला विचारा.

सड्यावर मात्र ऑगस्टमध्ये एकदा जा. कातळावर बोटभर माती साचते आणि तिच्यावर जांभळ्या फुलांचा गालिचा पसरतो, सीतेची आसवं. शेजारी दवबिंदू, पानांवर चिकट थेंब घेऊन बसलेला. दोघंही मांसाहारी. दवबिंदू किडे चिकटवून पचवतो, तर सीतेच्या आसवांना मातीत मोहरीहून बारीक फुगे असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत खेचले जातात. इतकी नाजूक फुलं शिकार का करतात? त्या मातीत नत्र जवळजवळ नाहीच. आमच्या प्रयोगशाळेचा अहवाल वाचायचा कंटाळा असेल तर ही फुलं बघा, मजकूर तोच.

त्या अहवालावरून लोक माझ्याशी भांडलेही आहेत. सामू (पीएच) 5.1, म्हणजे चांगलीच आम्ल. व्याह्यांच्या रानाचा 8.2. एक आकडा खाली गेला की आम्लता दहापट, तीन आकड्यांहून थोडा जास्त फरक म्हणजे हजारपटीहून जास्त. काळ्या मातीतली चिकण फुगते, भेगाळते, अन्नद्रव्य घट्ट धरून ठेवते. आमच्याकडची कायोलिनाइट न फुगणारी, न भेगाळणारी. घराच्या पायाला उत्तम, पण अन्नद्रव्य धरण्याची ताकद काळ्या चिकणीच्या दहाव्या हिश्शाइतकी. स्फुरदाची तऱ्हा आणखी वाईट. सुपर फॉस्फेट टाकलं की मातीतलं लोखंड आणि ॲल्युमिनियम त्याला कवटाळून बसतात, मुळांच्या हाती फारसं काही लागत नाही. शेतकरी म्हणायचा, "साहेब, पोतं घातलं, गेलं कुठे?" गेलं कुठेच नाही, तिथेच आहे, फक्त कुलपात. अशा मातीला आधी चुना द्यावा, शेणखत द्यावं. आम्लातच विरघळणारं रॉक फॉस्फेट इथे सुपर फॉस्फेटपेक्षा बरं चालतं. आमची आजी पोफळींना चुलीतली राख घालायची. तिला सामू हा शब्द ठाऊक नव्हता.

अहवालातली एक ओळ मात्र सगळ्यांना बुचकळ्यात टाकते. सेंद्रिय कर्ब : भरपूर. मग हलकी कशी म्हणता? अहो, तो कर्ब वरच्या चार बोटांत असतो. पान पडतं, पावसाळ्यात कुजतं, आणि पाण्याने न्यायच्या आत मुळं ते उचलतात. आमच्या जंगलाचं हातावर पोट आहे. आज मिळालं ते आज खाल्लं, साठा काही नाही. तुम्ही हिरवाई पाहून कोठार भरलेलं समजता, आणि इथे कोठारच नाही.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही निवृत्तीच्या पैशांतून मी मूर्खपणा केला. घरामागच्या उतारावर आठ-दहा म्हाताऱ्या काजू होत्या. त्या काढून सपाट तुकडा करावा, भाजी लावावी, असं मनात आलं. एप्रिलमध्ये जेसीबी आणला. पोराने दोन दिवसांत जमीन कॅरमबोर्डासारखी करून दिली. वरची चार बोटं माती कुठे गेली म्हणाल तर खाली, मेरेच्या पलीकडे, ढिगात. मी तिथेच उभा होतो. सपाटी बघून खूश होतो.

पहिल्या पावसात ढिगातली माती शेजाऱ्याच्या कुळागरात गेली. त्याने वर्षभर मला नमस्कार केला नाही, पण त्याच्या केळी मात्र झोकात आल्या. माझ्या तुकड्यावर भेंडी वीतभर वाढून पिवळी पडली. दुसऱ्या उन्हाळ्यात पहार मारली तर टणकन उलटून आली. तीस वर्षं ज्या मातीबद्दल लोकांना सांगितलं, "उघडी टाकू नका, सुकू देऊ नका," ती मी स्वतःच उघडी करून भाजून काढली होती. बायको म्हणाली, "एक पाऊस खाऊ दिलात ना? आता घर बांधा त्याचं."

तेव्हापासून चिऱ्यांच्या पाळी घालून पालापाचोळा आणि शेण टाकतोय. एका कोपऱ्यात चार बोटं जमलीत. बाकीचा तुकडा तसाच.

गेल्या ऑगस्टमध्ये व्याही आले होते. सकाळी दात घासत मागे गेले आणि ओरडतच परत आले, "अहो, चला बघायला, मागे काय बहार आलीय!" गेलो. टणक तुकड्यावर पाणी साचलं होतं आणि त्यात टोकापासून टोकापर्यंत सीतेची आसवं. व्याही वाकून वाकून फोटो काढत होते.

"एवढी सुंदर फुलं," ते म्हणाले, "आणि तुम्ही म्हणता जमीन हलकी!"