सरासरी शून्य, पण कुणासाठी?

अर्ज जास्त आणि जागा कमी, म्हणून प्रशिक्षण योजनेसाठी बेरोजगारांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली होती. चिठ्ठीमुळे दोन्ही गट सरासरीने सारखेच असतात, म्हणून आमच्यासारख्या आकडेवारीवाल्यांना याहून चांगला डेटा मिळत नाही. वर्षभरानंतर पाहिलं, तर नाव निघालेल्यांत आणि न निघालेल्यांत नोकरी लागलेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच. "म्हणजे फरक पडला नाही. बंद करू या," योजनेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

आमचा तरुण सहकारी उत्साहात होता. "मॅडम, लहान वयाच्या मुलींना फायदा झालाय, पी-व्हॅल्यू बघा!" (परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने निदान इतका फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू; ती ठरलेल्या पातळीखाली, बहुधा 5 टक्क्यांखाली, गेली की चाचणी 'यशस्वी' धरतात.) मी विचारलं, "किती उपगट तपासलेस रे?" "वीसेक." एकमेकांशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या 5 टक्क्यांच्या पातळीवर केल्या, तर परिणाम मुळीच नसतानाही एखादी तरी 'यशस्वी' ठरण्याची शक्यता 64 टक्के. तो गप्प झाला. (असे शोध अहवालांत किती छापले जातात, ते विचारू नका.)

म्हणून कॉझल फॉरेस्ट चालवलं, म्हणजे परिणाम कुणावर वेगळा झाला ते शोधायला माणसांचे फांद्यांसारखे गट पाडणारी अनेक 'झाडं' एकत्र करणारी पद्धत. त्यामागची सुझन एथी आणि गुइडो इम्बेन्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये मांडलेली 'ऑनेस्ट' झाडांची कल्पना मला फार आवडते: गट कुठे पाडायचे ते अर्ध्या माणसांवरून ठरवायचं आणि त्या गटांतला परिणाम उरलेल्या अर्ध्यांवरून मोजायचा. ज्या डेटात नक्षी दिसली, त्याच डेटाला साक्षीला बोलवायचं नाही.

परिणामाच्या अंदाजात पूर्वी काम केलेले तोट्याच्या टोकाला गेले, नवखे फायद्याच्या. कारणही पटण्यासारखं होतं. वर्गात बसलेला माणूस तेवढे महिने नोकरी शोधत नाही; ज्याला एरवी लवकर काम मिळालं असतं त्याचं यात नुकसान, नवख्याचा फायदा. बेरीज शून्य. मात्र अंदाजाची पट्टी, म्हणजे खरा आकडा ज्या दरम्यान असू शकतो ती कक्षा, इतकी रुंद, की मी पैज लावली नसती.

मग मॅडमनी खरा प्रश्न विचारला. "नक्की किती टक्के लोकांचं नुकसान झालं?"

मी फळ्यावर आकडे मांडले. समजा, दोन्ही गटांत 50 टक्के लोकांना नोकरी लागली. प्रशिक्षणाने कुणाचंच काही बदललं नाही, असं असू शकतं. मग नुकसान 0. किंवा एरवी ज्यांना नोकरी लागली असती त्या सगळ्यांची हुकली आणि उरलेल्या सगळ्यांना मिळाली. मग नुकसान 50 टक्के. डेटा दोन्हीकडे तोच दिसतो. एकच माणूस प्रशिक्षण घेतलेला आणि न घेतलेला असा दोन्ही रूपांत कधीच दिसत नाही, म्हणून माणसं कितीही वाढवली तरी ही दरी बुजत नाही. संख्याशास्त्रज्ञ पॉल हॉलंड यांनी 1986 मध्ये यालाच कारणमीमांसेची मूलभूत अडचण म्हटलं. अनुभवासारखी माहिती जोडली तर 0 आणि 50 या मर्यादा थोड्या जवळ येऊ शकतात, इतकंच.

"एवढं गणित करून हेही सांगता येत नाही?" मॅडम वैतागल्या. त्यांचं चुकत नव्हतं.

शेवटी पुढच्या तुकडीत अनुभवी आणि नवखे यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या टाकायच्या आणि काय तपासणार ते आधीच लिहून ठेवायचं ठरलं. दोन सारख्या आकाराच्या गटांवरच्या परिणामांतला फरक एकूण सरासरी परिणामाइतक्याच अचूकपणे मोजायला माणसं चौपट लागतात, हे ऐकून मॅडम म्हणाल्या, "दुप्पट देते." माणसं कमी पडणार, मग वय, शिक्षण वगैरे सगळे प्रश्न आम्ही यादीतून काढले आणि अनुभवाचा एकच ठेवला.