तव्यावरचे चार थेंब

जुनी गाडी घेण्याआधी ती तपासून देणे आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करणे ही दोन कामे मी जालन्यात गेली सोळा वर्षे करतो आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये अंबड तालुक्यातील एक मोसंबी बागायतदार माझ्याकडे आले. त्यांना गावात सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणू लागलो. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटून त्यांच्या डाव्या घोट्याला अशी इजा झाली होती की क्लच दाबणे त्यांना कायमचे अशक्य झाले. बागेत खते न्यायची, मोसंबीचे कॅरेट आणायचे, कच्च्या वाटेने रात्री पाण्याच्या मोटारीकडे जायचे, तर पिकअप हवी आणि ती ऑटोमॅटिकच हवी, अशी त्यांची गरज होती. मृग बहाराचे पैसे हातात आले होते. बीडच्या एका गुत्तेदाराची, म्हणजे कंत्राटदाराची, २०१९ सालची, बसायच्या दोन रांगांची, डिझेलवरची पिकअप साडेबारा लाखांना ठरली होती आणि पन्नास हजारांचा विसारही देऊन झाला होता.

“साहेब, ऑटोमॅटिकचा भरवसा काय?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता. “पाव्हणे म्हणतात, गिअरबॉक्स गेला की गाडी भंगारात.”

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतेच. आमच्या भागात ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. छोट्या मोटारींमध्ये बहुधा नेहमीचाच हाती गिअरबॉक्स असतो आणि त्याचा क्लच व गिअर पायाऐवजी यंत्र हलवते. पाहुण्यांच्या बहुतेक तक्रारी या प्रकाराच्या होत्या. पिकअपमधला टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स निराळा. त्यात इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते, तेलाच्याच दाबाने आतल्या क्लच प्लेटा आवळल्या जातात आणि तेच तेल सगळ्याला वंगण व थंडावा देते. तेल नीट असेल तर हा गिअरबॉक्स लाखो किलोमीटर चालतो. तेल बिघडले की कोणत्याही कंपनीचे नाव त्याला वाचवू शकत नाही. त्यामुळे मी अण्णांना म्हणालो, “ऑटोमॅटिकच्या भरवशाचं नंतर बघू. ही एक गाडी कशी आहे ते आधी बघू. आणि त्यांना सांगा, आपण पोहोचेपर्यंत गाडी चालू करू नका.”

पहाटे निघून अंबड, वडीगोद्री, शहागड, गेवराई करत आम्ही साडेआठला बीडला पोहोचलो. गुत्तेदारांनी आदराने बसवले, चहा मागवला. मी बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम होते. “सावलीतून पुढे आणून लावली,” असे त्यांनी सांगितले आणि ते खरेही असेल. पण थंड गिअरबॉक्स रिव्हर्स किंवा ड्राइव्ह घ्यायला वेळ लावतो का, हे तो थंड असतानाच कळते. तेल गरम झाले की तो दोष पुष्कळदा झाकला जातो. मी अडीच तास थांबण्याची विनंती केली. अण्णांना संकोच वाटला, गुत्तेदारांच्या कपाळावर आठी आली, तरी मी जागचा हललो नाही. घाईने पाहिलेली गाडी न पाहिल्यासारखीच असते, हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो आहे.

त्या अडीच तासांत मला जे दिसले त्यानेच पुढचा दिवस ठरवला. हौद्याच्या तळाशी पांढऱ्या क्षाराचे थर होते आणि त्यांच्या मधोमध एक मोठा गोल ठसा होता. मागच्या स्प्रिंगचे पाटे वजनाने बसलेले होते. मी विचारल्यावर गुत्तेदारांनी काही लपवले नाही. २०२३ च्या पावसाने दगा दिला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात गावोगाव टँकर सुरू झाले, तेव्हा त्यांनी या गाडीत हजार लिटरची टाकी ठेवून आपल्या गावच्या जनावरांसाठी तीन महिने बोअरचे पाणी वाहिले होते. एक पैसाही घेतला नव्हता. ऐकून मला त्यांच्याविषयी आदरच वाटला. तरीही हजार लिटर म्हणजे टनभर वजन. खासगी नोंदणीच्या अशा पिकअपला कागदोपत्री त्याच्या निम्म्याइतकाही माल नेण्याची मुभा नसते. आणि तेही खाचखळग्यांच्या वाटांवर, बेचाळीस अंशांच्या उन्हात.

अकरा वाजता गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर जोडला. दोषाचा एकही कोड नव्हता. परंतु कोड पुसल्यानंतर गाडी किती चालली हाही आकडा संगणक राखून ठेवतो आणि तो होता चौदा किलोमीटर. म्हणजे आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी कोणीतरी कोड पुसले होते. गुत्तेदार म्हणाले, “विकायच्या आधी गॅरेजवाल्याकडून सर्व्हिसिंग करून घेतली, एवढंच मला माहीत.”

गाडी चालू केली. रिव्हर्स लागायला दोन सेकंद लागले आणि लागताना धक्का बसला. मग मी पालीच्या दिशेने निघालो. अण्णा शेजारी, गुत्तेदार मागे. साठ-पासष्टच्या वेगात, अॅक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून चाललो की गाडीला बारीक थरथर येत होती, जणू रस्त्यावर सलग बारीक पट्ट्या मारलेल्या असाव्यात. रस्ता तर गुळगुळीत होता. ब्रेकला नुसता स्पर्श केला की थरथर थांबे. ब्रेक दाबताच टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला क्लच सुटतो. तो सुटल्यावर थरथर थांबत असेल, तर दोष चाकांत नाही, त्या क्लचमध्ये किंवा त्याच्या तेलात आहे. अण्णांना वाटले होते की टायरला गोळे आले असतील. बहुतेक ग्राहकांना तसेच वाटते, आणि काही जण टायर बदलूनही बघतात.

बिंदुसरा प्रकल्प मागे टाकून मांजरसुंब्याचा घाट लागला. चढावर गिअर बदलताना इंजिनचा काटा मध्येच पाच-सहाशे फेऱ्यांनी उसळे आणि गाडी मात्र क्षणभर ओढ सोडून दिल्यासारखी वाटे. स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान मी पाहत होतो. सपाटीला ते नव्वदच्या आसपास होते. घाटाच्या मध्यावर, हौदा रिकामा असताना, ते एकशे एकवीसवर गेले. ऐंशी अंशांच्या पुढे दर दहा-अकरा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. माथ्यावर गाडी बाजूला घेऊन मी इंजिन चालूच ठेवले आणि तेल निवू दिले. स्कॅनरवर आता पुन्हा कोड आला होता: पी ०७४१, म्हणजे कन्व्हर्टरचा क्लच नीट धरत नाही.

शहरात परतल्यावर रेडिएटर निवू दिला आणि मग त्याचे झाकण उघडले. आत नवे हिरवे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, होते, पण गळ्याशी हौद्यातल्यासारखाच पांढरा थर आणि झाकणाच्या रबराखाली तेलकट साय होती. या गाडीत गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीच्या आतूनच जाते. क्षाराच्या पाण्याने ती कुरतडली गेली की तेल आणि पाणी यांच्यातला पडदा फाटतो. गाडी चालते तेव्हा तेलाचा दाब जास्त असतो, म्हणून तेल पाण्यात जाते. गाडी बंद केली की तेलाचा दाब नाहीसा होतो, तापलेल्या रेडिएटरचा मात्र काही वेळ टिकतो, आणि पाणी गुपचूप गिअरबॉक्समध्ये शिरते. म्हणजे खरी हानी होते ती गाडी दारात उभी असताना, आणि ती मालकाला दिसत नाही.

या गिअरबॉक्सला तेल पाहण्याची डिपस्टिक नाही. गुत्तेदारांची परवानगी घेऊन जवळच्या एका गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी घेतली आणि खालचा प्लग ढिला करून थोडे तेल बाटलीत काढले. ते लाल असायला हवे होते. आले ते गुलाबी दुधासारखे. अण्णा आणि गुत्तेदार दोघेही गोंधळून पाहत होते. शब्दांनी पटवत बसण्याऐवजी मी शेजारच्या चहावाल्याकडून एक जुना तवा मागून घेतला, तो तापवला आणि माझ्याकडच्या कोऱ्या तेलाचे चार थेंब त्यावर टाकले. नुसता धूर निघाला. मग बाटलीतले चार थेंब टाकले. फोडणीत ओली कोथिंबीर पडावी तसे ते तडतडले आणि तव्याबाहेर उडाले. तेलात पाणी आहे की नाही, हे यापेक्षा सोप्या रीतीने दाखवता येत नाही.

गुत्तेदारांनी तिथूनच आपल्या ड्रायव्हरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. रेडिएटरमध्ये काय टाकत होतास, असे विचारल्यावर तो निर्मळपणे म्हणाला, “कमी झालं की टाकीतलंच टाकायचो, साहेब. मागं हजार लिटर असल्यावर इकत कशाला आणायचं?” बराच वेळ कोणी काही बोलले नाही. त्या मुलाने आळस केला नव्हता की चोरी केली नव्हती. पाण्याच्या दुष्काळात पाणी विकत घेऊन गाडीत ओतणे त्याला पाप वाटले असावे. ते मी समजू शकतो. कूलंटच्या डब्यावर मराठीत चार मोठ्या अक्षरांत इशारा असता, तर हे टळले असते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

गुत्तेदारांनी विचारले की तेल बदलून चालणार नाही का. मी नाही म्हणालो. या क्लच प्लेटांवरचे अस्तर कागदी असते आणि ते डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेले असते. पाणी लागले की अस्तर फुगते आणि चिकटण सुटते. नवे तेल ओतून ते परत चिकटत नाही. रेडिएटर, कन्व्हर्टर आणि सगळ्या प्लेटा धरून खर्च तीन लाखांच्या घरात जाईल, असे मी सांगितले. त्यांनी हुज्जत घातली नाही. अण्णांचा विसार त्यांनी त्याच जागी परत केला.

येताना शहागडपर्यंत अण्णा गप्प होते. गोदावरीचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, “माणूस चांगला होता. गाडी बी वाईट नव्हती.”

तीन आठवड्यांनी ती गाडी ट्रकवर चढवून माझ्या गॅरेजमध्ये आली. गुत्तेदारांनी दुरुस्तीचा खर्च स्वतः करायचे ठरवले होते. गिअरबॉक्स खोलला त्या दिवशी मी अण्णांना बोलावून घेतले. पहिल्याच प्लेटेवर मी नख लावले आणि अस्तराची पट्टी भिजल्या पापडासारखी हातात आली. आत बेअरिंगवर गंज धरू लागला होता. तेल कुठे जायचे ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये त्याच अस्तराचा भुगा बसला होता, आणि ती साफ करायलाच मला दोन दिवस लागले. नवा रेडिएटर बसवलाच, शिवाय तेलासाठी हवेवर थंड होणारा वेगळा कूलर समोर लावला, म्हणजे पुढे रेडिएटरला काहीही झाले तरी पाणी आणि तेल यांची गाठ पडणार नाही. जुन्या कूलरच्या नळ्या धुऊन न वापरता टाकून दिल्या.

मग अण्णांनी तीच गाडी घेतली, तेरा लाखांना. पाहुण्यांनी त्यांना वेड्यात काढले. मला मात्र तो निर्णय योग्य वाटला, कारण बाजारातल्या दुसऱ्या कोणत्याही पिकअपचा गिअरबॉक्स त्यांनी असा आतून पाहिलेला नसता. पहिले तेल हजार किलोमीटरला बदलायचे, एवढी एकच अट मी घातली होती. पावसाळ्यात ते आले, तेव्हा नऊशे ऐंशी किलोमीटर झाले होते. प्लग सोडला, तेल पांढऱ्या कागदावर घेतले. ते लाल होते. अण्णा म्हणाले, “तव्यावर टाकून बघा.” मी तवा तापवला.