जामा, नोंद पाचवी: गाठ डावीकडेच आहे हो!

मंडळी, आधी खुलासा. मागच्या खेपेचा फोटो बघून निम्म्या लोकांनी मला झोडपलं की जाम्याची, म्हणजे त्या घेरदार अंगरख्याची, गाठ उजव्या काखेत कशी काय. फोटो आरशातला आहे! गाठ डावीकडेच आहे. जामा हिंदूही घालत आणि मुसलमानही, पण हिंदूंनी डाव्या काखेत बांधायचा आणि मुसलमानांनी उजव्या, हा मुघल काळातला संकेत मला चांगला पाठ आहे. ठाण्याच्या ताईंनी तर 'दादा, धर्मांतर झालं का?' असं विचारलं. असो, तुमची नजर इतकी बारीक आहे म्हणूनच इथे लिहायला मजा येते.

नव्यांसाठी थोडक्यात: 'राजा शिवाजी' या चित्रपटाची तारीख १ मे २०२६ जाहीर झाली तेव्हाच मी ठरवलं, पहिल्या खेळाला सतराव्या शतकाच्या बेतानं शिवलेला जामा घालून जायचं. पोस्टरची नक्कल करायची नाही. माझा आधार ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयातल्या विट्सेन अल्बममधलं महाराजांचं चित्र. पुतळ्यांवरून आपल्या डोळ्यांत बसलेला जिरेटोप आणि या चित्रातली पगडी यांत बराच फरक आहे. पगडी मात्र मी तूर्त सोडली आहे, एका वेळी एकच वेड पुरे.

आता कामाचं. मलमल नऊ मीटर, पन्हा ४४ इंची. आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढली, कापड जवळपास अर्धा मीटर आटलं. वरचा भाग अंगाबरोबर आणि कमरेपासून खाली घेर. घेराला साडेपाच मीटर कापड गेलं आणि त्याच्या चुण्या हातानं धावदोरा घालून ओढल्या. मशीनवर लांब टीप मारून ओढून बघितलं होतं, दोरा तिसऱ्यांदा तुटल्यावर नाद सोडला. बाह्या हातापेक्षा दहा इंच लांब ठेवल्यात, मनगटावर चुण्या पडायला. उरेब, म्हणजे तिरक्या कापल्यामुळे त्या ताणतात आणि हात आत जातो. पण डावी बाही काखेत ओढते. बगली, म्हणजे काखेतला जोडतुकडा, लहान झाली, उसवावी लागणार.

शेल्याचं प्रकरण लांबलं. लाल शेला हवा होता आणि बाजारचा रंग नको होता. म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून मंजिष्ठा ही लाल रंगाची मुळी आणली, कापडाच्या वजनाइतकी, म्हणजे २०० ग्रॅम. आधी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवलं, मग तुरटीच्या, मग रंगात. सगळं शास्त्रशुद्ध. घरातलं मोठं स्टीलचं पातेलं द्यायला बायकोनं साफ नकार दिला, म्हणून माळ्यावरची लोखंडी कढई काढली. तिथेच माती खाल्ली. हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई करायची आपल्याकडे जुनी रीत, आणि हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. मी शेला रंगवायला बसलो आणि शाईच उकळली! तासाभरानं काठीनं कापड वर काढलं तर रंग भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा. बायको दारातूनच म्हणाली, "हे पायपुसणं छान होईल."

दुसऱ्या वेळी भंगारवाल्याकडून स्टीलचं पातेलं आणलं. आच मंद, उकळी अजिबात येऊ द्यायची नाही, नाहीतर लालातला तपकिरी वर येतो. तासभर ढवळून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी खळबळताना चौथ्या पाण्यालाही गुलाबी झाक होती, पण कापड विटकरीकडे झुकणारं लाल झालं आणि वाळल्यावरही तसंच राहिलं. नळाखाली धरलेला तो ओला पदर बघताना वांग्याचं दुःख विसरलो.

आता तुमच्या वादात माझे दोन पैसे. रितेश देशमुख स्वतःच दिग्दर्शक आणि स्वतःच महाराज, यावर इथे बरीच खडाजंगी झाली. मला चेहऱ्याची काळजी कमी आहे. १९५२ साली भालजी पेंढारकरांच्या चित्रपटात चंद्रकांत मांढरे महाराज झाले, २००९ मध्ये महेश मांजरेकर, नंतर चिन्मय मांडलेकर, शरद केळकर. प्रत्येकाला आपण आधी नाकं मुरडली असतील आणि मग काहींना डोक्यावरही घेतलं. गंमत म्हणजे त्या २००९च्या चित्रपटातले मांजरेकर आणि सचिन खेडेकर, दोघंही या नव्या चित्रपटाच्या कलाकारांत आहेत. संजय दत्त, अभिषेक बच्चन अंगरख्यात कसे चालतील, हा मात्र खरा प्रश्न. कपडा अंगावर असणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं.

संगीत अजय-अतुलचं, म्हणजे अंगावर काटा आणणारा कोरस येणार हे गृहीत धरा. 'सैराट'साठी त्यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता, त्यामुळे भव्यतेची चिंता नाही. माझी मागणी एकच: लढाईत ढोल-ताशा पथक नको. तो ठोका सुरू झाला की मला लक्ष्मी रोडवरची मिरवणूक दिसायला लागते. कर्णे, नौबत, संबळ एवढ्यावर भागवा की! आणि 'आपलं कोण ऐकतं' असं म्हणू नका. २०२५ मध्ये 'छावा'च्या ट्रेलरमधल्या लेझमावर आक्षेप आला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो भाग चित्रपटातून काढला. तो आक्षेप मला पटला होता का, ते पुन्हा केव्हातरी.

काल पहिली चाचणी झाली. जामा, शेला, खाली तुमान, असा वेष करून आमच्या इमारतीचे तीन मजले चढलो. पहिल्या मजल्यावर रुबाब, दुसऱ्यावर घेर पायात, तिसऱ्यावर घेराचं टोक उचलून शेल्यात खोचलं तेव्हा कुठे सुटलो. वरून खाली येणारे जोशीकाका जागीच थांबले, मुजरा केला आणि म्हणाले, "लिफ्ट चालू आहे, महाराज."

पण तिसऱ्या मजल्यावर एक गोष्ट लख्ख कळली. हा दरबारचा कपडा आहे. एवढा घेर घेऊन कुणी रात्री कडा चढणार नाही. चित्रपटात मी आधी हेच बघणार: सदरेवरचा वेष आणि मोहिमेवरचा वेष वेगळा ठेवलाय का, की सगळे मावळे कडक इस्त्रीच्या एकसारख्या अंगरख्यांत धावतायत. घाम, धूळ, गुडघ्याला विरलेली तुमान दिसली तर माझी शिट्टी पहिली.

उरलेली कामं: डावी बगली, बंदांची टोकं आणि घेराची दुमड, जी हातानंच घालायची आहे, साडेपाच मीटर. सांगलीच्या काकांनी पगडीसाठी जुनं धोतर देऊ केलंय, ते घ्यायला रविवारी जातोय. वांगी रंगाचं कापड टाकलेलं नाही. पायपुसण्याची सूचना विचाराधीन आहे, पण त्यात एक कमरपिशवी सहज निघेल असं दिसतंय.