लाँग लाईफ कूलंट निवडणं आणि घरीच बदलणं, माझा अनुभव

गाडी सेकंडहँड घेतलेली, आणि रिझर्व्ह टँकमधलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गुलाबी म्हणावं तर गुलाबी नाही, मातकट म्हणावं तर तेही नाही. आधीच्या मालकाने टॉपअपला काय काय ओतलंय देव जाणे. लेव्हल बरोबर, गाडी गरमही होत नव्हती, पण मला ते काही पटेना म्हणून सगळं काढून नवीन लाँग लाईफ टाकायचं ठरवलं.

खरं सांगतो, बदलण्यापेक्षा निवडण्यात डोकं जास्त गेलं. सगळे रंगावरून सांगतात, हिरवं जुनं, गुलाबी नवीन वगैरे, पण रंग म्हणजे नुसता डाय असतो, त्याला काही स्टँडर्ड नाहीये. होंडाचं टाईप २ निळं असतं आणि बीएमडब्ल्यूचं जुनं कूलंटही निळंच, पण होंडाच्यात सिलिकेट (गंज रोखणारं एक केमिकल) नसतं आणि बीएमडब्ल्यूच्यात असतं. टोयोटाचं गुलाबी आणि फोक्सवॅगनचं जांभळट गुलाबी यांचंही तेच, बघायला भावंडं आणि आतली रेसिपी वेगळी.

मग ही रेसिपी जरा समजून घेतली. बेस बहुतेक सगळ्यांचा इथिलीन ग्लायकॉलच, फरक असतो गंज रोखणाऱ्या केमिकल्समध्ये. जुन्या हिरव्यात सिलिकेट वगैरे असतं, ते आतल्या सगळ्या धातूवर थर चढवून बसतं, भिंतीला रंग दिल्यासारखं, त्यामुळे लवकर संपतं आणि साधारण दोन वर्षांत बदलायला लागतं. लाँग लाईफमध्ये ऑरगॅनिक ॲसिड असतात, ती जिथे गंज धरायला लागतो तिथेच काम करतात म्हणून पाच वर्षं किंवा जास्तही चालतं. त्यातही हायब्रिड प्रकार आहेत, जपानी कंपन्या फॉस्फेट घालतात आणि सिलिकेट टाळतात कारण वॉटर पंपाच्या सीलला ते घासतं असं त्यांचं म्हणणं, युरोपियन कंपन्या बरोबर उलटं, फॉस्फेट टाळतात कारण जड पाण्यात त्याचा क्षार बसतो. वेगवेगळे प्रकार एकमेकांत गेले की गाडी लगेच बंद पडत नाही, पण पाच वर्षांचा जो भरवसा असतो तो गेला म्हणून समजा.

माझ्या मॅन्युअलमध्ये एक लांबलचक वाक्य होतं, इथिलीन ग्लायकॉल बेस, सिलिकेट, अमाईन, नायट्राइट, बोरेट नसलेलं, हायब्रिड ऑरगॅनिक ॲसिडवालं लाँग लाईफ. झालं, मी तेच वाक्य कॅनच्या मागच्या लेबलशी ताडून बघत बसलो. 'सर्व गाड्यांना चालतं' असं लिहिलेले कॅन बाजूला ठेवले, ते वाईटच असतात असं नाही, पण आत नेमकं काय आहे ते धड लिहिलेलं नसेल तर मी कशाशी ताडून बघणार?

आता रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) का कॉन्सन्ट्रेट (पाणी आपण मिसळायचं). जुनं कूलंट माहितीतलं असेल, तोच प्रकार परत टाकायचा असेल आणि आतून पाण्याने धुवायचं नसेल तर सरळ रेडीमिक्स घ्या, कटकट नाही. मला मात्र धुवायचं होतं, आणि इथे एक हिशोब आहे जो फार कोणी सांगत नाही. समजा सिस्टीममध्ये एकूण 6 लिटर बसतं, रेडिएटरच्या ड्रेनमधून 4 निघतात, बाकीचे 2 इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये अडकून राहतात. धुतल्यावर ते 2 लिटर म्हणजे नुसतं पाणी, त्यावर 4 लिटर अर्धं-अर्धंवालं रेडीमिक्स ओतलं की ग्लायकॉल उरतं फक्त 33 टक्के. गोठण्याचा पॉइंट उणे 37 ऐवजी उणे 17-18 वर येतो आणि गंज रोखणारा मालही तेवढाच पातळ होतो. म्हणून एकूणच्या निम्मं, म्हणजे 3 लिटर कॉन्सन्ट्रेट आधी आणि मग वरचं 1 लिटर डिस्टिल्ड वॉटर. आणि जास्त टाकलं की जास्त चांगलं असंही नाहीये, शुद्ध ग्लायकॉल उणे 12-13 लाच गोठतं आणि उष्णताही पाण्याएवढी ओढून नेत नाही.

प्रत्यक्ष काम सोपं पण वेळखाऊ. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, गरम असताना रेडिएटरची कॅप उघडली तर आतल्या प्रेशरने उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं, यात मस्करी नाही. खाली टब लावला, ड्रेन कॉक हाताने सैल केला (प्लास्टिकचा असतो, पान्याने जोर लावू नका), रिझर्व्ह टँक काढून वेगळा धुतला, तळाला चांगलाच गाळ निघाला. मग पाणी भरायचं, हीटर फुल हॉटवर ठेवायचा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडून रेडिएटरचा वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, परत थंड होऊ द्यायचं, काढायचं, निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच, शेवटचं पाणी डिस्टिल्ड. थंड व्हायची वाट बघण्यातच दिवस जातो.

भरताना हळू ओता, मधून मधून वरचा होज दाबा, बुडबुडे येतात. ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा काढायचा स्क्रू) असेल तर तो आधी सैल करा. डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज येत असेल किंवा हीटरमधून गार हवा येत असेल तर आत हवा अडकलीय, तसंच चालवू नका, टेंपरेचरचा काटा वर जाऊ शकतो. माझ्या गाडीत पुढची बाजू थोडी उंच केल्यावर हवा निघाली. नंतर रिफ्रॅक्टोमीटरवर (गोठण्याचा पॉइंट दाखवणारं छोटं यंत्र) दोन थेंब टाकून बघितले, उणे 35 च्या जवळ आलं, म्हणजे हिशोब जमला. कॅपचं रबर कडक झालं होतं, तीही नवीन बसवली, कारण प्रेशर धरलं नाही तर उकळण्याचा पॉइंट खाली येतो.

जुनं कूलंट गटारात किंवा मातीत अजिबात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री मांजरं चाटतात आणि थोड्यानेही मरतात, म्हणून सांडलेलं लगेच पुसून काढलं आणि बाकी सगळं झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑईल-कूलंट गोळा करणाऱ्यांकडे दिलं.

पुढचे काही दिवस थंड इंजिनवर लेव्हल बघत होतो, थोडी उतरली तेवढी भरली, मग थांबली. उरलेल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळून एक बाटली डिकीत ठेवलीय, वर मार्करने प्रकार आणि तारीख लिहून.