ओंकारेश्वरचं पोस्टकार्ड: लाइनवर्क झालं, रंग चालू

ओंकारेश्वरच्या कार्डाचं लाइनवर्क (रेषांचं काम) एकदाचं झालं, आता रंग भरतोय. साइज आपल्या पोस्टाच्या कार्डाचाच, १४ बाय ९ सेंमी, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (छापल्यावर कापला जाणारा जास्तीचा काठ) धरला तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १७२४ बाय ११३४ पिक्सेल होतात, पण क्रिटामध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) कॅनव्हास दुप्पट घेतलाय, उद्या मोठा प्रिंट काढावासा वाटला तर परत काढत बसायला नको.

सगळ्यात जास्त विचार केला तो कुठून बघायचं याचा. ओंकारेश्वर म्हटलं की हल्ली सगळे ड्रोनमधून दिसतं तसं मांधाता बेट काढतात, ॐ चा आकार, एका बाजूला नर्मदा, दुसऱ्या बाजूला कावेरी (ही आपल्याकडची छोटी कावेरी, दक्षिणेतली नव्हे). छान दिसतं, पण यात्रेला आलेला माणूस देऊळ असं बघतच नाही. मी दक्षिण तटावरून काढतोय, ममलेश्वरच्या देवळाच्या बाजूच्या घाटावरून. नर्मदा परिक्रमेला निघणारे कितीतरी जण इथूनच परिक्रमा उचलतात, म्हणजे सुरू करतात, आणि एकदा संकल्प केला की परिक्रमा पूर्ण होईपर्यंत नर्मदा मैया ओलांडायची नाही, म्हणजे ज्योतिर्लिंगाचं देऊळ अगदी समोर दिसतंय आणि तरी जायचं नाही, हात जोडायचे ते इथूनच. इंदूरच्या आमच्या मराठी घरांमधून परिक्रमा केलेलं कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, मला हे कार्ड त्यांच्यासाठी करायचंय. म्हणून कार्डाचा खालचा अर्धा भाग नुसतं पाणी आहे, पाण्यावर होड्या आहेत पण अगदी थोड्या, मधलं अंतर जाणवलं पाहिजे.

आता उजेड. या तटावरून तोंड उत्तरेला होतं, त्यामुळे सकाळचं ऊन उजवीकडून येणार. शिखर पांढरं, सकाळचं आकाशही फिकं, ग्रेस्केल (रंग काढून नुसतं काळं-पांढरं) करून बघितलं तर दोन्हींची व्हॅल्यू, म्हणजे फिकट-गडदपणा, जवळजवळ एकच. म्हणून आकाश एक पायरी गडद केलं, निळसर जांभळं, आणि शिखराच्या डाव्या अंगाला थंड सावली दिली, आता शिखर सुटून दिसतं.

नर्मदेचा हिरवा मात्र छळतोय. स्क्रीनवर झकास, सॉफ्ट प्रूफिंग (छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच बघायची सोय) ऑन केलं की सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये, मळकट होतो. सॅच्युरेशन वाढवून उपयोग नाही, शाईत तो रंग बसतच नाही, त्यामुळे उलटं केलं, घाटाच्या पायऱ्या तांबूस करड्या केल्या आणि त्यांच्या शेजारी तोच हिरवा पुष्कळ ताजा वाटायला लागला. हे करून बघाच.

खालच्या पट्टीत हत्तींची रांग घेतलीय, बेटावरच्या ओंकार पर्वताच्या परिक्रमेत सिद्धनाथाचं जुनं देऊळ लागतं ना, त्याच्या जोत्यावर कोरलेत तसे. २०२३ मध्ये उभी राहिलेली शंकराचार्यांची १०८ फुटी मूर्ती यात नाहीये. एवढी मोठी मूर्ती कोपऱ्यात बारीक करून ठेवणं मला पटत नाही, तिचं वेगळं कार्ड करीन.

मागची बाजू साधीच, उजवीकडे पत्ता आणि तिकिटाचा चौकोन, डावीकडे लिहायला मोकळी जागा. पेनाची शाई पसरू नये म्हणून ग्लॉसी नको, अनकोटेड (वर चकचकीत थर नसलेला) कागद घ्यायचा विचार आहे, पण त्यावर हिरवा अजून दबेल. कुणी अनकोटेडवर असा हिरवा छापून घेतला असेल तर कलर प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतील ते ठरवणारी फाइल) कुठलं लावलं ते सांगा, टेस्ट प्रिंट त्यावरच काढतो.