गंज पुसून काढलेला दिवस

काळ्या रंगावर काळा वॉश, म्हणजे खाचाखोचांत पळवायचा पातळ रंग, दिसत नाही. काळ्या इंजिनाचं मॉडेल वापरातलं दाखवायचं असेल, तर राख, चुना, धूळ अशा फिकट रंगांनीच ते मळवावं लागतं. ऑर्डर देणाऱ्या शेठना मी हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्यांना मात्र गंज हवा होता. पंढरपूर रस्त्यावर त्यांचं हॉटेल उभं राहत होतं आणि आत शिरल्या शिरल्या काचेच्या पेटीत बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेचं इंजिन दिसावं, अशी त्यांची हौस होती. "लांबूनच कळलं पाहिजे, जुन्या काळातलं आहे म्हणून," हे त्यांचं म्हणणं. हॉटेल त्यांचं, पैसे त्यांचे. मी गंज लावला.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं मॉडेलचं वर्कशॉप आहे. एरवी बिल्डरांच्या इमारती आणि साखर कारखान्यांची प्रदर्शनात ठेवायची मॉडेलं करतो. त्या कामात सगळं कोरं करकरीत लागतं. त्यामुळे इंजिनाची ऑर्डर आली तेव्हा मी भावाची घासाघीसही केली नाही. बार्शी लाईट ही आमच्या जिल्ह्याची गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ती आखली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ला पंढरपूर, १९११ला लातूर आणि १९२७ला मिरजेपर्यंत पोचली. रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. हलक्या रुळांवर जास्त माल नेता यावा म्हणून कॅलथ्रॉपनं इंजिन असो की वॅगन, प्रत्येक आसावरचं वजन पाच टनांच्या आत बसवलं होतं. वारीच्या दिवसांत याच गाडीनं माणसं पंढरीला जायची. आता ती लाईन रुंद झाली आणि ती गाडीही गेली. १:१२ या प्रमाणात मॉडेलचे रूळ बरोबर ६३.५ मिलिमीटरवर बसवले, तेव्हा फार समाधान वाटलं.

रंगाला मी लॅकर वापरतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये त्याची एक अडचण आहे. पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी. फवाऱ्यातला थेंब मॉडेलवर पोचायच्या आतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. हाताला ते लगेच कळतं. अशा पृष्ठभागावर वॉश रेषेत पळत नाही, जागच्या जागी मुरतो आणि डाग धरतो. म्हणून मी फवारणी पहाटे उरकतो आणि थिनरमध्ये थोडं रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारं द्रव्य, घालतो. काळाही निव्वळ काळा घेत नाही, त्यात थोडा करडा मिसळतो. लहान आकारात शुद्ध काळा फार जड दिसतो, रिव्हेट आणि कडा त्यात बुडून जातात.

पोचवायच्या आदल्या दिवशी दुपारी गंजाचा वॉश पूर्ण झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले ते एका म्हाताऱ्या गृहस्थांना सोबत घेऊन. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून आयुष्य काढलेले, शेठच्या वडिलांच्या ओळखीतले. शेठना त्यांना चकित करायचं होतं. काका टेबलाभोवती फिरले, चष्मा कपाळावर चढवून चाकांजवळ वाकले, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"चांगलं केलंय," ते म्हणाले. "पण ही भंगारात काढलेली दाखवलीय का ओ?"

शेठ म्हणाले, "नाही काका, चालू गाडी. जुनी."

"चालू गाडीला असा गंज कुठनं येईल? रोज पुसायचो की आम्ही. कॉटन वेस्ट घ्यायची, तेलात भिजवायची आणि पुसायची. बॉयलरला गंज दिसला असता तर साहेबानं उभं केलं असतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण आपल्या हातचं काम कुणीतरी चुकीचं सांगतंय, हे त्यांना लागलं होतं आणि ते दिसत होतं. मी शेठकडे बघितलं. शेठ म्हणाले, "आता कसं व्हायचं? रंग लावून झालाय." मी म्हटलं, रंग तसाच राहील, गंज तेवढा काढतो. दोघांचाही विश्वास बसेना.

लॅकरचं मला जे आवडतं ते नेमकं हेच. लॅकर म्हणजे थिनरमध्ये विरघळवलेलं रेझिन. थिनर उडून गेलं की रेझिनचा पापुद्रा मागे उरतो, बाकी आत काही घडत नाही. म्हणून त्याला त्याचं स्वतःचं थिनर कधीही परत विरघळवतं, वर्षांनीसुद्धा. पण टर्पेंटाइनला ते जमत नाही, तेवढा जोर त्याच्यात नाही. तेलरंगाचं उलट आहे. तो हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतो, त्याला दिवस लागतात, आणि तोवर टर्पेंटाइननं निघतो. खाली पक्कं वाळलेलं लॅकर आणि वर तेलरंगाचा वॉश, ही जोडी असली की वरचं पुसता येतं आणि खालचं जागचं हलत नाही. दोन्ही थर एकाच जातीच्या रंगाचे असते, तर त्या सकाळी माझ्या हातात काही उरलं नसतं. मात्र सुटं मिळणारं टर्पेंटाइन कधी कधी भेसळीचं निघतं, आणि त्यात थिनर मिसळलेलं असेल तर लॅकर उचललं जातं. म्हणून नव्या बाटलीचा थेंब आधी त्याच रंगाच्या फुटक्या तुकड्यावर टाकून चोळून बघायचा. तोही मी त्यांच्यासमोर टाकला.

मग मऊ ब्रश आणि कापसाच्या काड्या घेऊन बसलो. बॉयलरवरचा तांबूस थर सुटला आणि खालचा काळा जसाच्या तसा निघाला. टाकीवरचे पांढरे आकडेही लॅकरचेच होते, त्यांना ओरखडासुद्धा आला नाही. काकांनी स्टूल ओढून घेतलं. एका गोष्टीची धास्ती मात्र होती. टर्पेंटाइन सांध्यांतून आत झिरपून उघड्या प्लॅस्टिकला लागलं, तर ताणाखाली असलेला भाग तडकतो. आतल्या बाजूनंही रंग दिलेला होता, तरी सांध्यांजवळ मी ब्रश जवळजवळ कोरडाच ठेवला.

नंतरचे तास मी कधी विसरणार नाही. काका सांगत होते आणि मी लावत होतो. तेलरंग रात्रभर पुठ्ठ्यावर काढून ठेवलेले होते. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो, मग वॉश वाळल्यावर चकाकत नाही. तो कोऱ्या चहासारखा पातळ करायचा, जागा आधी नुसत्या टर्पेंटाइननं ओली करायची आणि ब्रशचं टोक एका रिव्हेटपाशी टेकवायचं. रंग आपोआप रिव्हेटच्या रांगेतून पळतो. काका पहिल्यांदा हे बघून म्हणाले, "अरे, हे तर पाझरतंय खऱ्यासारखं."

"वाफ कुठनं गळते ते बघा," ते म्हणाले. "बॉयलरला पाणी देणाऱ्या इंजेक्टरच्या जोडापाशी. आपलं पाणी जड, वाफ उडाली की चुना राहतो. तिथं पांढरा ओघळ पाहिजे, खाली उतरत गेलेला." पांढऱ्यात किंचित मातकट मिसळून तो ओघळ मी ओल्या ब्रशनं खाली ओढला. पुढच्या स्मोकबॉक्सचा, म्हणजे धुराच्या पेटीचा, रंग आचेनं जळून करडा पडतो, दाराच्या खालच्या कडेला जास्त, कारण राख तिथनंच काढतात. पायरीवर पाय पडतो तिथं रंग टिकत नाही, लोखंड चमकतं. दांडीला हात लागतो तिथंही तसंच. कनेक्टिंग रॉडचं तेल फिरत्या चाकावर उडतं, म्हणून चाकावर त्याच्या रेघा मधून बाहेर जातात, वरून खाली नाही. हे मी कुठल्याही फोटोत ओळखलं नसतं. फोटोत नुसतं काळं दिसतं. तेलाच्या जागी मी वॉशमध्ये मुद्दाम थोडं ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकाकणारं बिनरंगी, मिसळलं, म्हणजे ती जागा ओली दिसावी.

"मग गंज कुठंच नाही का?" शेठनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज जरा पडलेला होता.

"ब्रेकच्या ठोकळ्यापाशी आहे की," काका म्हणाले. "लोखंडावर लोखंड घासतं, त्याची पूड खालच्या भागावर बसते. ती तांबडी असते. पण ती धूळ आहे, गंजलेला पत्रा नव्हे. दोन्हीत फरक आहे."

तो फरक मी ब्रशनं कसा दाखवणार, हा प्रश्न होता. पूड बसते, ओघळत नाही. म्हणून तिथं वॉश वापरला नाही. कोरडी रंगपूड ब्रशनं नुसती टेकवली.

दुपारी शेठनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागवली. तिघं तिथंच बसून जेवलो. पोचवायची तारीख त्यांनी आपणहून पुढं ढकलली. ते गरजेचंच होतं. तेलरंग पुरता वाळायच्या आत वर लॅकरचं क्लिअर फवारलं, तर त्यातलं थिनर वॉश विरघळवून सगळं चिखल करतं. वाळल्यावरसुद्धा पहिले हात अगदी धुक्याइतके हलके द्यावे लागतात. तेलाच्या चकाकत्या जागा झाकून बाकी इंजिनाला मी मॅट क्लिअर दिलं. शेठना काचेची पेटी नंतर उघडी ठेवायचीसुद्धा इच्छा झाली, पण धूळ पुसायला कुणी ओलं फडकं फिरवलं तर रंगपूड निघून येईल, असं सांगून मी त्यांना पेटीवर परत आणलं.

इंजिन पोचवून झाल्यावर शेठनी एक मालवॅगनही मागितली. बार्शी लाईटच्या वॅगनी लीड्स फोर्ज या इंग्रजी कंपनीच्या, दाबून घडवलेल्या पोलादाच्या होत्या, त्यामुळे घड्यांचे आकार मला नव्यानं बसवावे लागतील. तिच्या आतल्या बाजूबद्दल काकांनी आधीच बजावून ठेवलंय: तिथं माल आपटतो, रंग राहत नाही, पावसाचं पाणी साठतं, तेव्हा गंज हवा तेवढा लावा.