मोठ्या ढोलाचा आवाज

शाळेच्या महोत्सव समितीकडून मनोगताचा निरोप आला, तेव्हाच मनाशी म्हटलं, 'शाळेनं घडवलं' या विषयावर लिहिणारे पुष्कळ असतील. आपल्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, चादरीचे कारखानदार आहेत. मी शाळेच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचो. तेव्हा ढोलाबद्दलच लिहितो.

नव्या मुलांनी तो पाहिला नसणार. व्यास २८ इंच, रुंदी फूटभर, दोन्ही अंगांना कातडी पानं आणि कडेनं आठ लांब बोल्ट. आपल्याकडच्या बँडची बहुतेक वाद्यं मेरठच्या जली कोठी भागात तयार होतात, आपला ढोलही तिथलाच. चामडी पट्टा गळ्यात अडकवून तो पोटाशी धरायचा, उजव्या हातात जड गोळ्याचा दांडा, डाव्यात हलका. एकदा ढोल अंगावर चढला की समोरचं काही दिसत नाही, मान वाकडी करून बाजूनं बघत चालावं लागतं. आणि पीटीचे सर नेमके तेव्हाच ओरडायचे, "नजर समोर!"

मी आठवीत बँडमध्ये गेलो तेव्हा त्या ढोलाचा आवाज पार बसलेला होता. उजवीकडे 'भद्द', डावीकडे 'टण्ण', आणि दोन्हींच्या मध्ये कुठला तरी सैल बोल्ट खुळखुळायचा. आम्हा पोरांचा उपाय एकच, जोरात हाणा. सरांनी एकदा माझा दांडा काढून घेतला. म्हणाले, "बडवून आवाज मोठा होतो लेका, बरा होत नाही. चावी आण."

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर ढोल खाली आडवा ठेवून सरांनी सगळे बोल्ट सैल केले. मग नुसत्या बोटांनी, लागतील तेवढेच आवळले. पानावर सुरकुत्या दिसत होत्या. तिथून पुढे बोल्ट आवळायची चावी, तीसुद्धा एका वेळी अर्धाच फेरा. आणि ओळीनं नाही! घड्याळातल्या बाराच्या जागचा बोल्ट आवळला की लगेच सहाच्या जागचा, मग तीनचा, मग नऊचा, आणि मग मधले चार. जीपचं चाक बसवताना नट समोरासमोर आवळतात, तसंच. शेजारशेजारचे आवळत गेलं की पान दाबून धरणारं कडं एका बाजूला कलतं, आणि कललेलं कडं नंतर कितीही ताणलं तरी पान सारखं बसत नाही. आमच्या आधीच्या कुणी तरी तेच केलं असणार.

सुरकुत्या गेल्यावर खरं काम. मधोमध एक बोट हलकं टेकवायचं आणि प्रत्येक बोल्टाजवळ, कडेपासून दोन बोटं आत, दांड्याच्या टोकानं टिचकी मारायची. आठही ठिकाणी आवाज सारखा यायला हवा. जिथं चढा वाटेल तिथं किंचित सैल, जिथं उतरलेला वाटेल तिथं किंचित घट्ट. एक बोल्ट हलवला की समोरचा बिघडतो, म्हणून पुन्हा फेरी. आमच्या कानांना सुरुवातीला सगळे आवाज सारखेच वाटायचे. सर वैतागायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "परत." एक पान लागलं की ढोल उलटा करून दुसरं. आमचा ढोल दोन्ही हातांनी वाजायचा, त्यामुळे दोन्ही पानं एकाच आवाजात लावणं भाग होतं. संध्याकाळ होत आली तेव्हा पहिल्यांदा ढोलानं आमच्या पोटात धडक दिली, आणि मी तर तो हलकेच वाजवला होता.

आता नवीच अडचण उभी राहिली. ढोल घुमायला लागला. वर्गात कानाला गोड वाटणारा तो घुमारा मैदानावर पोरांची पावलं चुकवायचा, कारण एक ठोका विरण्याआधी दुसरा येऊन त्याच्यावर पडायचा. आमच्यात सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला, एक जण होता, घरी तेलुगू बोलणारा, घरचेच यंत्रमाग. त्यानं विणताना खोट आलेल्या टॉवेलचा न कापलेला लांब पट्टा आणला. आम्ही तो अख्खा ढोलात कोंबला आणि आवाज ठार मेला, पोतं बडवल्यासारखा. सरांनी पट्टा काढायला लावला. तीन-चार बोटं रुंदीची पट्टी कापून ती पानाच्या आतून, मधोमध नाही तर जरा बाजूला, ताणून कड्यात अडकवली. ठोका आखूड झाला आणि त्यातला दमही राहिला. फक्त टॉवेल लाल होता. पंधरा ऑगस्टच्या दमट हवेत त्याचा रंग सुटला आणि पानावर जो गुलाबी पट्टा उमटला तो शेवटपर्यंत गेला नाही.

दमट हवेवरून आठवलं. कातडी पान पावसाळ्यात उतरतं आणि कोरड्या उन्हात चढतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हलगीवाले मधूनमधून हलगी जाळावर शेकतात ती याचसाठी. आमचा ढोल मात्र उलटा त्रास द्यायचा. जानेवारीत सकाळी सातला गारठ्यात लावलेला आवाज दहाच्या सोलापुरी उन्हात टणटणीत व्हायचा, म्हणून बाहेर पडायच्या आधी आम्ही तो मुद्दाम थोडा उतरवून ठेवायचो आणि झाडाखाली उभे राहायचो.

विज्ञानाच्या सरांनाही या भानगडीत रस होता. त्यांनी फळ्यावर गोल काढून सांगितलं की, साध्या पानाचं पुढचं कंपन मूळ कंपनाच्या १.५९ पट असतं, दुप्पट किंवा तिप्पट नसतं, म्हणून ढोलातून स्वर निघत नाही, दणका निघतो. तबल्यावर शाईचा काळा गोल असतो, त्याच्यामुळे ती कंपनं नीट पटींत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलंय. आणि आमच्या कामाची गोष्ट अशी की, पान बरोबर मध्यावर वाजवलं तर ते १.५९ वालं कंपन उठतच नाही. दणका येतो आणि लगेच सरतो. मध्य सोडून कडेकडे वाजवलं की तेही उठतं आणि आवाज लांबतो.

याचा उपयोग आम्ही एकाच महिन्यात दोन्ही बाजूंनी केला. १२ जानेवारीला आपली फेरी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जायची. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्या दिवशी ढोलावर काळं कापड, दांड्याच्या गोळ्यावर लोकरीचं आणखी एक वेष्टण, आणि ठोका मध्यापासून वीतभर बाजूला, संथ. पुढे २६ जानेवारीच्या संचलनाला तोच ढोल, तेच बोल्ट, पण कापड नाही, कडक गोळा, आणि ठोका नेमका मध्यावर. नवी पेठेतले दुकानदार विचारायचे, "का बे, नवा ढोल घेतला का?"

एवढं होऊनही मागच्या रांगा चुकायच्याच. सर पोरांवर चिडायचे. शेवटी विज्ञानाच्या सरांनी हिशेब मांडला. मिनिटाला १२० पावलं, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ८५ मीटर मागच्या मुलाला ठोका पाव सेकंद उशिरा कळतो, तोवर पुढच्याचं पाऊल अर्ध्यावर गेलेलं असतं. पोरं बिचारी जे ऐकू येत होतं त्यावर बरोबरच चालत होती. दुसऱ्या दिवसापासून बँड रांगांच्या मध्ये चालू लागला. पुढे मिरवणं बंद झालं म्हणून बिगुलवाले रुसले, पण पावलं जुळली.

परवा महोत्सवाच्या तालमीला शाळेत येऊन गेलो. नव्या ढोलाला प्लास्टिकची पानं आहेत. हवेचा त्रास नाही, गुलाबी डागही पडणार नाही. पण बोल्ट कुणी तरी शेजारशेजारचे आवळलेत, आणि आवाज मारण्यासाठी आत उशी भरलीय. बँडमधल्या मुलांनो, आधी ती उशी काढा. चावी बहुधा हरवली असणार, म्हणून मी नवी चावी, दोन दांडे आणि आपल्या सोलापूरचे दोन टॉवेल समितीकडे दिले आहेत. टॉवेल पांढरे आहेत. ते पट्ट्या कापायला दिलेत, पाहुण्यांचे सत्कार त्यात उरकू नयेत, ही विनंती.